मी तिचा काका बोलतोय

परीक्षा संपायच्या आतच शिबिरांचे फलक लागतात. काळाचौकीच्या नाक्यावर शाळेच्या कुंपणाला, मंडळाच्या पत्र्याला, विजेच्या खांबाला, जिथे जागा दिसेल तिथे. पोहणे, सुंदर हस्ताक्षर, स्केटिंग, संस्कार, झटपट गणित. मुलांची सुट्टी मोकळी गेली तर घरावर काहीतरी संकट येईल अशा घाईनं ते बांधलेले असतात, आणि त्यांच्याखालून पॅड काखेत मारून मुलं पेपरला जात असतात. यंदाही लागलेत. ऑफिसला जाताना मी त्यांच्याकडे बघायचं टाळते. शिकल्यासवरलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीनं सुंदर हस्ताक्षराच्या फलकाला घाबरावं हे हसण्यासारखंच आहे, मला मान्य आहे. पण ‘उन्हाळी शिबिर’ हे दोन शब्द वाचले की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागते.

त्याला कारण आहे. एका उन्हाळ्यात, अशाच एका शिबिरापायी, माझे बाबा आमच्या घरात दिवेलागणीच्या वेळी स्वतःच्या तोंडानं म्हणाले की ते मेले आहेत. बाबा आजही आहेत. मी हे लिहीत असताना पलीकडे बसून पेपर वाचतायत आणि मधून मधून खोकतायत. पण ते बोलणं घरात कुठेतरी राहून गेलंय असं मला इतकी वर्षं वाटत आलंय, आणि यंदा जरा जास्तच वाटतंय.

आमच्या आईची एक पक्की समजूत आहे. वास्तू तथास्तु म्हणते. घराचा म्हणून एक वास्तुपुरुष असतो, तो सारखा तथास्तु तथास्तु म्हणत असतो, आणि त्याचं म्हणणं आणि आपलं बोलणं एका क्षणाला पडलं की ते खरं होतं. दिवेलागणीला तर हमखास. ही समजूत पुष्कळ घरांत असते, पण आमच्याकडे तिचा कारभार फार कडक होता. डब्यातले तांदूळ संपले तरी ‘संपले’ म्हणायचं नाही, ‘वाढले’ म्हणायचं. बांगडी फुटली तर ती वाढली. बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. लहानपणी मला वाटायचं, भिंतीत कुणीतरी बहिरट म्हातारा बसलाय, त्याला आपलं निम्मंच ऐकू येतं आणि तो सगळ्याला मान डोलावतो. पुढे मी मोठी झाले, विज्ञानाचे धडे पाठ केले, आणि आईला चिडवायला लागले. बाबा तर आधीपासूनच चिडवायचे. “वास्तूला एवढंच काम असतं तर नळाला पाणी आलं नसतं दिवसभर?” असं ते म्हणायचे, आणि आई त्यांच्याकडे न बघता वात सारखी करायची.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. परळच्या कॉलेजात कर्णिक मॅडम आम्हाला मराठी शिकवायच्या. एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. डोंगरावरच्या एका जुन्या शाळेत, सुट्टीत, दहावी ते बारावीच्या मुलांसाठी लेखन शिबिर. लिहिणारी माणसं येऊन शिकवणार. मुलांनी तिथेच राहायचं, वाचायचं, लिहायचं, एकमेकांना दाखवायचं. “अर्जाबरोबर स्वतःची एक गोष्ट पाठवायचीय, आणि जागा अगदी थोड्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “तू भर.” तोवर ‘तू भर’ हे मला फक्त पाण्याच्या बाबतीत सांगितलं गेलं होतं.

ते शिबिर मला किती हवं होतं हे आज सांगून खरं वाटणार नाही. आमची एक खोली, तिला पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर, आणि बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. लिहायला म्हणून जागा नव्हती. पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर वही ठेवून मी उभ्यानं लिहायचे. पलीकडच्या काकू मागे उभ्या राहून वाचायच्या आणि ‘छान अक्षर आहे गो’ म्हणायच्या. अशा मुलीला कुणी सांगितलं की एका डोंगरावर लिहायला टेबलं आहेत आणि मागून कुणी बघत नाही, तर तिचं काय होईल? मी झोपेतसुद्धा टेबलं बघत होते. अजूनही उन्हाळा आला की ती दिसतात. उतरत्या छपराची खोली आणि रांगेनं मोकळी टेबलं. फक्त आता त्यांच्यावर कुणी बसलेलं नसतं आणि मला आत जावंसं वाटत नाही.

विषय दिलेला होता. घरातली एक संध्याकाळ. ‘मी’ म्हणून लिहायचं, पण गोष्ट रचायची. मी आमचीच संध्याकाळ घेतली. बाबा माझगावला एका वर्कशॉपात वेल्डिंग करायचे, बोटींचे सुटे भाग दुरुस्तीला यायचे तिथे. संध्याकाळी घरी आले की जेवणाचा डबा मोरीत ठेवायचे, तसाच, माखलेला. आयुष्यात त्यांनी तो कधी धुऊन आणला नाही आणि आईनं आयुष्यात त्यावरून बोलायचं सोडलं नाही. हे सगळं मी गोष्टीत घातलं. गॅलरीतल्या दोऱ्या, खालच्या रेडिओवरच्या बातम्या, आईच्या हाताला येणारा लसणाचा वास. आणि मग एका संध्याकाळी गोष्टीतले बाबा वेळेवर येत नाहीत. त्यांच्याबरोबर काम करणारे सावंतकाका येतात. त्यांच्या हातात डबा असतो. आई तो घेते, झाकण उघडते, डबा स्वच्छ धुतलेला असतो, आणि ती दारातच खाली बसते. एवढीच गोष्ट. मेले हा शब्द तिच्यात कुठेही नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता.

आईला वाचून दाखवायला बसले तर ती म्हणाली, “दिवेलागणीक नको. दुपारी वाच.” म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी वाचली. ती मिरच्यांची देठं काढत बसली होती. आमच्या भागात हा वर्षाच्या मसाल्याचा हंगाम. लालबागच्या मिरची गल्लीत माणसं नाकाला रुमाल लावून रांगा लावतात आणि वारा तिकडून असला तर पार आमच्या गॅलरीपर्यंत शिंका येतात. गोष्ट संपली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरचीचं की माझ्या गोष्टीचं हे मला विचारायचं धाडस झालं नाही. पुढची मिरची उचलून ती म्हणाली, “एवढा सगळा खरा लिवलंस. मगे ह्या एकच खोटा कित्याक?”

“गोष्ट आहे ती, आई.”

“गोष्टीक दुसरो कोण गावलो नाय तुका?” तिनं एक मिरची उगाच दोनदा झटकली. “वास्तू तथास्तु म्हणता गो.”

तरी तिनं सही दिली. अर्जावर पालक म्हणून एकाच माणसाचं नाव आणि सही मागितली होती, शेवटची तारीख होती आणि बाबा कामावर होते. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि शाळेत शिकलेल्या सावकाश अक्षरांत सही केली. ती सही मला आजही डोळ्यांसमोर दिसते. आपल्याला नको असलेल्या गोष्टीवर इतक्या काळजीपूर्वक केलेली सही मी पुन्हा कुणाची बघितली नाही.

बाबांनी गोष्ट रविवारी वाचली आणि त्यांना हसू आवरेना. “माका मारलंस ता ठीक,” ते म्हणाले, “पण डबो कशाक धुतलंस? मी मेलंय तरी डबो धुवचंय नाय.” मग गॅलरीत जाऊन त्यांनी दोनतीन शेजाऱ्यांना सांगितलं की आमच्या पोरीनं मला ढगात पाठवलं. सगळे हसले. आई आतून त्यांना हाक मारत राहिली, नुसतीच हाक, पुढे काही नाही.

माझ्या बाबांना बोलायची फार हौस. गणपतीत आमच्या मजल्यावर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्यानं केलेली विनवणी. कोकणातली पद्धत, ती आमच्या लोकांनी गिरणगावात येतानाही सोडली नाही. एकानं म्हणायचं, बा देवा म्हाराजा, अमक्याची नोकरी लागू दे, तमक्याची सून सुखरूप बाळंत होऊ दे, आणि बाकी सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, व्हय म्हाराजा. बाबा ते इतकं रंगून करायचे की देव त्यांच्याबरोबर वर्कशॉपात कामाला आहे असं वाटावं. आम्ही मुलं घसा फुटेस्तोवर व्हय म्हाराजा ओरडायचो. त्यांचा देवावर विश्वास होता की बोलण्यावर, हे मला कधी नीट कळलं नाही.

फोन आला तो संध्याकाळी. बाबा नुकतेच आले होते. वर्कशॉपातल्या ठोकाठोकीनं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर टाकायचे. आई देवाजवळ निरांजन लावत होती. शिबिराच्या संचालिका बोलत होत्या, आवाज मऊ, पुण्याकडचा. गोष्ट फार आवडली म्हणाल्या. मुलीला घ्यायचं ठरलंय म्हणाल्या. बाबांचा चेहरा असा उजळला की मला अजून आठवतो. आणि मग त्या बाई जरा थांबून म्हणाल्या, “तिच्या वडिलांबद्दल वाचलं. फार वाईट वाटलं. म्हणूनच मुद्दाम फोन केला. एवढ्यातच झालंय का हे? ती घरापासून लांब राहू शकेल ना? आपण तिचे कोण?”

अर्जावर फक्त आईची सही, आणि गोष्टीत ‘मी’. त्यांनी ती खरी धरली होती. मी तोंड उघडलं, सांगणार होते की ताई, ती रचलेली आहे, बाबा हे काय तुमच्याशी बोलतायत. पण बाबा माझ्या आधी बोलले.

“मी तिचा काका बोलतोय,” ते म्हणाले. फोनवर शुद्ध बोलायचं म्हणून घसा खाकरून, एकेक शब्द नीट लावून. “हो. माझा भाऊ. गेला तो. पोरगी धीराची आहे, राहील. आम्ही पाठवतो तिला.”

आईच्या हातात पेटलेली काडी होती. वात लागली, काडी जळत बोटापर्यंत आली, तरी तिनं ती सोडली नाही. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी मूल पाढे म्हणत होतं. त्या बाई आणखी काहीतरी बोलल्या, तारखा, सामान, उबदार कपडे. बाबा हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर ते अगदी खुशीत म्हणाले, “झाला काम. सीट पक्की.”

“बाबा, ती गोष्ट होती,” मी म्हटलं. “सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

“काय चाललं असतं? अर्जात बाप गेलेला, आणि फोनवर बाप बोलतोय. लगेच बाद केला असता अर्ज.” ते मला समजावण्याच्या सुरात बोलत होते. “अर्जात एक आणि तोंडात दुसरं झालं की कारकून माणसाला उभा करत नाही. मला विचार.”

त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर गावाकडचं आडनाव होतं आणि रेशनकार्डावर मुंबईतलं, आणि दोन्ही नावांचा माणूस एकच आहे हे पटवण्यात त्यांची अर्धी तरुण वर्षं खिडक्यांसमोर गेली होती. त्यातून ते एकच शिकले होते. कागदावर जे लिहिलंय तेच खरं, आपण त्याच्याप्रमाणे व्हायचं. गोष्ट आणि अर्ज यांतला फरक मला माहीत होता, त्यांना नव्हता. माझ्या हातचं शिबिर जाऊ नये म्हणून त्यांनी कागदाप्रमाणे स्वतःला मारून टाकलं, आणि वर ताटावर येऊन बसले. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली आणि इतकी भीती वाटली की ती दोन्ही मला वेगळी करता येईनात.

मी म्हटलं, उद्या फोन करून सांगते. बाबा म्हणाले, आता बोललोय ते बोललोय, दोन बोलणी झाली की संशय येतो. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती तरी म्हणेल की सांगून टाक. तिनं निरांजन देवासमोर सरकवलं आणि कुणाशी तरी बोलावं तसं हलक्या आवाजात म्हणाली, “असला काय नाय हा. असला काय नाय.” आमच्याशी बोलत नव्हती ती.

त्यानंतरचा एप्रिल मी कधी विसरणार नाही. तसं पाहिलं तर काहीच घडलं नाही, आणि ते काहीच न घडणं दिवसेंदिवस वाढत गेलं. बाबा सकाळी निघाले की आई हातातलं काम टाकून जिन्यापर्यंत जायची. “येतंय म्हणा.” बाबा हसून म्हणायचे, येतंय. एकदा ते घाईत विसरले आणि खालच्या चौकापर्यंत गेले, तर तिनं गॅलरीतून हाका मारून त्यांना परत वर बोलावलं, चारचौघांत, आणि ते शब्द वदवून घेऊन पाठवलं. लोक हसले. ती हसली नाही. मिरची गल्लीत मी तिच्याबरोबर गेले होते. मसाला मोजून घेताना दुकानदारानं नेहमीप्रमाणे विचारलं, किती माणसांचा, आणि आई गर्दीतसुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तिघांचा. वर्षभराचा. तिघांचाच द्या.” वर्षाचा मसाला करणं म्हणजे वर्षभर खाणारी माणसं घरात असणार असा शब्द देणंच की. मला ते तोवर सुचलं नव्हतं.

आणि मग ती संध्याकाळ. बाबांना जरा उशीर झाला, फार नाही. जिन्यावर पावलं वाजली, बाबांचीच, ते आत आले, चपला काढल्या, डबा मोरीत ठेवला. आईनं तो उचलला आणि थांबली. डबा धुतलेला होता. लख्ख, आतून पाण्याचे थेंब असलेला. बाबांनी तिचा चेहरा बघितला आणि घाईघाईनं सांगितलं की सावंताचा डबा आज सांडला, माझ्यातलं दोघांनी खाल्लं, त्यानंच धुऊन दिला. साधी गोष्ट होती. आईनं ऐकून घेतलं. मग तिनं त्या स्वच्छ डब्यात पळीभर आमटी ओतली, सगळीकडून फिरवली, ओतून टाकली, आणि मोरीत बसून तो डबा स्वतः घासला. बाबांनी त्या दिवशी तिला चिडवलं नाही. माझ्याच गोष्टीतली वस्तू घरात फिरून गेली होती आणि कुणाला हात लावायचा ते त्या डब्यानं अजून ठरवायचं होतं असं मला वाटत होतं.

मी शिबिराला गेले. न जाण्याचा विचार केला होता, पण बाबांनी स्वतःला ज्यासाठी मारून घेतलं ते सोडून दिलं तर मग त्या शब्दाचं काय राहिलं, नुसतं मरणच. तर मी गेले. डोंगरावर थंडी होती, टेबलं होती, मागून खरंच कुणी बघत नव्हतं. पण सगळ्यांना माझं माहीत होतं. मुलींनी मला खिडकीजवळची गादी दिली. संचालिकाबाई जाता येता डोक्यावरून हात फिरवायच्या. एका दुपारी एक सर म्हणाले, तुझ्या गोष्टीतला तो धुतलेला डबा रचून येत नाही, तो भोगावा लागतो. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी रडतेय. तिथल्या त्या सगळ्या दिवसांत मला घराबद्दल एक ओळ लिहिता आली नाही, कारण घरात बाबा होते. मी धुक्यावर लिहिलं, झाडांवर लिहिलं, आणि सगळ्यांनी समजून घेतलं.

मोबाइल संध्याकाळी थोडा वेळ मिळायचा, सगळ्या मुली एकाच ओसरीवर बसून घरी बोलायच्या. मला बाबांना काका म्हणावं लागायचं.

“काका, जेवलात?”

“जेवलंय गो बाय.” त्यांना त्यात मजा यायची. एकदा म्हणाले, “तुझ्या बापाचो फोटो लावलो हा भिंतीर. हार घालूचो रवलो.” पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला, आईनं फोन ओढून घेतला, आणि ती माझ्याशी एवढंच बोलली की स्वेटर घाल. शेजारची मुलगी मला म्हणाली, तुझे काका किती प्रेमळ आहेत गं, अगदी वडिलांसारखे. मी हो म्हटलं. एका संध्याकाळी फोन कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. ओसरीसमोरच्या दरीत धुकं चढत होतं आणि मुली आपापल्या आयांशी खिदळत होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दारात सावंतकाका उभे होते. दुसऱ्या दिवशी कळलं की पाणी अवेळी आलं होतं, दोघंही भरायला खाली होती. तो एक दिवस मी कसा काढला हे मला कुणाला सांगता आलं नाही. सांगणार काय, की ज्यांच्यासाठी तुम्ही माझं सांत्वन करताय ते मेले असतील अशी मला भीती वाटतेय?

मी परत आले तेव्हा बाबा स्टँडवर उभे होते. मी त्यांच्या शर्टाला धरूनच घरी आले. मोठ्या मुलीनं रस्त्यात असं चालू नये, पण मी चालले.

पुढे काय? पुढे काहीच नाही. उन्हाळे आले, गेले. मी पदवी घेतली, आता एका ऑफिसात भाषांतराचं काम करते, मधून मधून गोष्टी लिहिते, दोन चार छापूनही आल्यात. त्यांत कुणीही मरत नाही. संपादकांनी एकदा विचारलं की तुमची माणसं ऐन वेळेला निसटतात कशी, म्हातारा अंथरुणाला लागतो आणि पुढच्या पानावर चहा पीत बसतो. मी म्हटलं, माझा तसा पिंड आहे. खरं तर मी घरात बसून लिहिते आणि लिहिताना मोठ्यानं वाचायची मला सवय आहे. दिवेलागणीला तर मी वहीच मिटते. आईला चिडवणारी मी तिच्यापेक्षा कडक झाले. हेही मी दुपारीच लिहितेय.

त्या फोनबद्दल घरात पुन्हा कधी विषय निघाला नाही. आईनं काढला नाही, मी काढला नाही. बाबा तर ते केव्हाच विसरले असं मी धरून चालले होते.

यंदा आमची चाळ पाडायची ठरली. नवं उंच काहीतरी होणार, तोवर सगळ्यांनी भाड्यानं विखरायचं. आम्हाला दादरला जागा मिळाली. लिफ्ट आहे, पाणी दिवसभर आहे. गॅलरीतल्या दोऱ्या एकेक करून निघाल्या, दारांवर पांढऱ्या रंगानं खुणा झाल्या. आणि होळीपासून बाबांचा खोकला जात नाहीये. परळच्या हॉस्पिटलात आधी फोटो काढला, मग आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. डॉक्टर समजावून सांगताना बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत होते, आणि बाबा शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून बसले होते. वाटेत लालबागला मिरच्यांचा वास आला. मी आईला म्हटलं, यंदा मसाला केव्हा करायचा? ती म्हणाली, “नव्या जागेत बघूया.” इतक्या वर्षांत तिनं मसाला पुढे ढकललेला मी पहिल्यांदा बघितला.

परवा आम्ही खोलीची किल्ली द्यायला गेलो. सामान आदल्या दिवशीच हललं होतं. कपाटामागची भिंत अजून जुन्या हिरव्या रंगाची होती, देवाच्या फळीखाली तेलाचा डाग. मला वाटलं, एक नजर टाकायची आणि निघायचं. पण बाबा निघेनात. खिडकीत उभे राहून उजेड कमी व्हायची वाट बघत राहिले. आई म्हणाली, चला आता. ते म्हणाले, “थांब. ज्या येळार बोललंय त्याच येळार व्हया.” मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला, तेलाच्या डागाखाली जमिनीवर ठेवला, आणि खाकरून, हात जोडून उभे राहिले. तेव्हा मला कळलं. त्यांनी काहीही विसरलेलं नव्हतं. इतकी वर्षं ते सकाळी हसून येतंय म्हणत होते, आणि हसण्याच्या आत ते वाक्य त्यांच्याजवळ तसंच होतं.

“बा वास्तुपुरुषा म्हाराजा,” बाबा म्हणाले. गणपतीतला आवाज नव्हता तो. “आज आमी हयसून जातोंव.” इतर वेळी आई इथे ‘येतोंव म्हणा’ म्हणाली असती. ती गप्प राहिली, परत यायला ही खोली राहणारच नव्हती. “इतकी वर्सा आमका सांबाळलंस.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

“एका वर्सा, ह्याच येळार, माझ्या तोंडातसून एक शबूद गेलो. तो खोटो होतो. चेडवासाठी, ह्या पोरीसाठी बोललंय.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. आईचे ओठ हलले, आवाज आला नाही.

“तो शबूद तुया आयकलं असशीत, तर माझो माका परत दी. आणि आयकूक नसशीत, तर आता आयकू नको.” इथे त्यांना खोकल्याची उबळ आली. ते भिंतीला हात टेकून थांबले, आम्ही दोघी थांबलो. मग त्यांनी हात पुन्हा जोडले. “अजून थोडे दिवस माका ह्यांच्यात रवूंदे.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही दोघी एकदम म्हणालो, आईसुद्धा, मोठ्यानं. खोली रिकामी होती. कपाट नव्हतं, गाद्या नव्हत्या, पडदा नव्हता, आवाज शोषून घेणारं काही उरलंच नव्हतं. आमचे शब्द त्या हिरव्या भिंतीवर आपटले आणि सावकाश, जड होऊन परत आले. आम्ही या घरात इतकी वर्षं राहिलो, पण ते बोललेलं पहिल्यांदा ऐकलं.

“काय म्हणाला?” आईनं विचारलं.

“व्हय म्हणाला,” बाबा म्हणाले, आणि बाहेर येऊन त्यांनी दाराला कुलूप घातलं.

त्याला दुसरं काही म्हणताच येत नाही, हे आम्हाला तिघांनाही माहीत आहे. जिना उतरताना मी बाबांच्या शर्टाला धरलं होतं, आणि त्यांनी धरू दिलं. रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे.